जुन्या भिंती, नवी इमारत

अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि त्या भागांनी बनलेली पूर्ण वस्तू, यांच्या नात्याबद्दल आपण बोलत आलो आहोत. आज तोच प्रश्न टेबलावर मांडून, हातात करवत घेऊन बघू. उदाहरण आहे मॉडेल रेल्वेचं. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय ज्यांनी पाहिलंय, त्यांना लेआउट म्हणजे काय ते सांगायला नको. रूळ, गाड्या, सिग्नल आणि रुळाकाठचं अख्खं गाव! आपण बोलणार आहोत त्या गावातल्या प्लॅस्टिकच्या इमारतींबद्दल, आणि त्यासाठी अमेरिकेत जाऊ, कारण हा छंद तिथे खोलवर रुजला.

दुसऱ्या महायुद्धानंतर फिलाडेल्फियाच्या बाखमन कंपनीने 'प्लॅस्टिकव्हिल' नावाची घरं, चर्च, स्टेशनं बाजारात आणली. भाग एकमेकांत दाबून बसवायचे, डिंक लागत नसे. नाताळच्या झाडाभोवती फिरणाऱ्या आगगाडीशेजारी ही घरं दिसू लागली. पुढे एचओ मापाचे, म्हणजे मूळ वस्तूच्या 87व्या हिश्शाचे, चिकटवून जोडायचे संच आले. साचा एकच असल्यामुळे हजारो घरांत तेच स्टेशन आणि तोच कारखाना उभा राहिला.

आता ही पिढी थकली. कुणी गेलं, की माळ्यावरची खोकी खाली येतात. त्यात तीन एकसारखी स्टेशनं, छप्पर नसलेलं गोदाम, पिवळट पडलेलं चर्च. घरच्यांना वाटतं, हे फेकायचं की ठेवायचं? या दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे, त्याला 'किटबॅशिंग' म्हणतात: जुने संच कापून, एकमेकांत मिसळून तिसरीच इमारत उभी करायची. अमेरिकेत या कलेशी आर्ट करन यांचं नाव जोडलं गेलं; एचओ इमारतींच्या किटबॅशिंगवर त्यांचं पुस्तकच आहे.

पहिला प्रश्न: कापावं का? मूळ खोक्यासकट, न मोडलेला जुना संच संग्राहकाला हवा असतो. त्याला हात लावू नये. पण डिंकाने माखलेली, अर्धी मोडलेली इमारत अशी कुणाला नको असते. करवतीसाठी तीच निवडावी.

दुसरा प्रश्न मापाचा. खोक्यावरच्या छापावर विसंबू नये, दार मोजावं. 7 फुटी दार एचओमध्ये साधारण साडेचोवीस मिलिमीटर, एन मापात तेरा आणि ओ मापात साडेचव्वेचाळीस मिलिमीटर भरतं. जुन्या खेळण्यांतली घरं टेबलावर मावावीत म्हणून बरेचदा आखूड केलेली असत. अशा घराचं दार बदललं, पायरी नवी लावली, की डोळा नवं माप मान्य करतो. कारण माणूस भिंत मोजत नाही, दाराशी स्वतःला उभं करून बघतो. लहान मापाची इमारत मागे ठेवली तर ती दूर असल्यासारखी वाटते, हाही एक फायदा.

तिसरा प्रश्न पदार्थाचा. बहुतेक संच स्टायरीनचे असतात. आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पातळ सॉल्व्हंट सिमेंटचा एक थेंब टाकावा. पृष्ठभाग मऊ झाला तर प्लॅस्टिक त्या सिमेंटने जोडता येईल. काहीच झालं नाही तर प्लॅस्टिक वेगळं आहे, दुसरा चिकटपदार्थ शोधावा लागेल. हे काम खिडक्या उघडून करायचं. त्या वाफा चांगल्या नाहीत. जुना सांधा सोडवायचा असेल तर इमारत काही तास फ्रीजरमध्ये ठेवून बघावी. जुना डिंक थंडीने ठिसूळ होतो आणि अनेकदा हलक्या दाबाने सुटतो. पण भिंती खरोखर वितळवून एकजीव केल्या असतील तर फ्रीजर काही करत नाही, तिथे करवतच.

आता कापणी. समजा एका गोदामाची पुढची आणि मागची भिंत प्रत्येकी 20 सेंटिमीटर आहे. लेआउट भिंतीला टेकलेला असेल तर मागची बाजू कुणीच बघत नाही. मग दोन्ही भिंती शेजारी शेजारी लावल्या, की 40 सेंटिमीटरचा दर्शनी भाग मिळतो. एचओत तो जवळजवळ 35 मीटरचा कारखाना झाला, आणि खोली दोन बोटं पुरते! सांधा मधेच आला तर डोळ्यात खुपतो. म्हणून विटांच्या थराच्या रेषेत कापावं, आणि जोडावर खांब किंवा पावसाच्या पाण्याचा पाइप आणावा. फटीसाठी त्याच प्लॅस्टिकचे तुकडे सिमेंटमध्ये विरघळवून लेप करता येतो.

दोन संचांच्या विटा जुळत नसतील तर? लपवू नये. खरे कारखानेही एका दिवसात उभे राहिले नाहीत. धंदा वाढला की शेजारी नवं दालन आलं, वेगळ्या विटांचं. एखादी खिडकी विटांनी बुजवली गेली. न जुळणाऱ्या भिंती दोन वेगळ्या दालनांना दिल्या, की तोच दोष इमारतीचा इतिहास होतो. शेवटी आतून काळा रंग द्यावा, नाहीतर दिवा लावताच भिंती कंदिलासारख्या उजळतात. आणि बाहेरून मॅट थर, म्हणजे प्लॅस्टिकची चकाकी जाते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? त्याच्या लेखी रथ हे व्यवहारापुरतं नाव. नैयायिक म्हणतील, नाही, अवयवी खराच आहे, आणि तो अवयवांहून वेगळा आहे. कापडातून एक धागा काढला तरी जुनं कापड नष्ट झालं आणि नवं, त्याला ते खंडपट म्हणत, उत्पन्न झालं. आपल्या टेबलावर नैयायिकांचं म्हणणं जास्त उपयोगी पडतं असं आम्हाला वाटतं. करवत फिरली त्या क्षणी जुनं स्टेशन संपलं. ते 'बदललं' असं म्हणून सुटका नाही. नागसेनाच्या वाटेने गेलं तर संपण्यासारखं काही नव्हतंच, आणि मग करवत फार सहज उचलली जाते.

म्हणून कुणाच्या मागे राहिलेली खोकी उघडताना घाई नको. आधी सगळ्या भिंती टेबलावर पसराव्यात, फोटो काढून ठेवावा, कागदावर नकला कापून त्या लेआउटवर उभ्या करून बघाव्यात. कागद चुकला तर दुसरा घेता येतो. ज्या माणसाने हे स्टेशन पन्नास वर्षांपूर्वी जोडलं, त्याच्या हाताची एखादी खूण, रंगवलेली पाटी म्हणा, नव्या कारखान्यावर सहज बसते. ती बसवावी. स्टेशन राहिलं नाही तरी गाडी त्याच भिंतीसमोरून जाते, आणि घरच्यांना ती ओळखू येते.

आता तुमचे प्रश्न घेऊ.