तीस लाखांचा एक हंगाम

आयपीएलच्या लिलावात हातोडा पडतो, पडद्यावर आकडा झळकतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तो खेळाडूला ‘मिळालेली’ रक्कम म्हणून छापून येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात लखनौ सुपर जायंट्सने ऋषभ पंतसाठी २७ कोटी रुपये मोजले. तोवरचा हा सर्वांत मोठा आकडा घरोघर पोहोचला. त्याच यादीच्या तळाशी आणखी एक आकडा होता, ३० लाखांचा. भारतासाठी न खेळलेल्या खेळाडूंची ती सर्वांत कमी मूळ किंमत. त्या किमतीला घेतलेल्या मुलांची नावे झरझर वाचली जातात आणि लिलाव पुढे सरकतो. पण आपली करव्यवस्था खेळाडूच्या कमाईकडे कशी पाहते हे समजून घ्यायचे असेल, तर २७ कोटींपेक्षा या ३० लाखांचा माग काढलेला बरा.

मुळात हा पगार नव्हे. खेळाडू फ्रँचायझीचा नोकर नसतो, हंगामासाठी करारबद्ध झालेला व्यावसायिक असतो. त्यामुळे त्याला पगारपत्रक नाही, भविष्य निर्वाह निधी नाही आणि नोकरदाराला मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावटही नाही. पैसे हप्त्यांनी येतात ते १० टक्के टीडीएस कापूनच. उरलेल्या कराचा अंदाज त्याने स्वतः बांधायचा आणि जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च या महिन्यांच्या १५ तारखांना तो आगाऊ भरायचा. मैदानात उतरला तर २०२५ पासून दर सामन्याचे साडेसात लाख वेगळे मिळतात. राखीव बाकावरच हंगाम सरला, तर ३० लाखच. शेजारी बसलेल्या अनिवासी परदेशी खेळाडूला मात्र निराळा नियम आहे. त्याच्या एकूण रकमेवर सरसकट २० टक्के कर आणि वर अधिभार-उपकर, खर्चाची वजावट नाही. ड्रेसिंग रूम एकच, पण करापुरती माणसे वेगळी.

खेळाडू म्हणजे नेमका कोण, हे ठरवताना कायदा बराच चाचपडला आहे. एप्रिल २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने अधिसूचना काढून खेळाडू, पंच, प्रशिक्षक, फिजिओ, समालोचक यांचे काम टीडीएसपुरते ‘व्यावसायिक सेवा’ ठरवले. २०११ मध्ये मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने सचिन तेंडुलकरचे म्हणणे मान्य केले. जाहिरातीत काम करताना तो अभिनेता असतो, म्हणून परदेशातून आलेल्या त्या मानधनावर त्याला अभिनेत्याची वजावट मिळाली. २०१६ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने सौरव गांगुलीच्या बाजूने निकाल देताना सांगितले, की फ्रँचायझीसाठी खेळण्याचे मानधन ‘व्यवसाय सहाय्य सेवे’च्या नावाखाली सेवाकराच्या कक्षेत ओढता येणार नाही. व्यावसायिक, अभिनेता, सेवापुरवठादार अशी लेबले लागली आणि निघाली. हा माणूस कोणते काम करतो, याचा काथ्याकूट झाला. ते काम त्याचे शरीर किती वर्षे करू देईल, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

पुन्हा ३० लाखांकडे येऊ. सोयीसाठी खर्च बाजूला ठेवू आणि वर्षभरात त्या मुलाचे हेच उत्पन्न आहे असे धरू. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीत उपकर धरून त्याचा कर होतो ४,९९,२०० रुपये. हेच ३० लाख कुणाला दरवर्षी १० लाख असे तीन वर्षांत मिळाले, तर १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे त्याला एक रुपयाही कर लागत नाही. कमाई तेवढीच आहे. फरक पडला तो ती एका वर्षात गोळा झाली म्हणून. आपला आयकर वर्षाच्या मापाने मोजतो, आणि चाळीस वर्षे नोकरी करणाऱ्याला ते माप बरोबर बसते. खेळाडूची मिळकत मात्र पंचविशीच्या आसपासच्या दोन-चार हंगामांत येते आणि त्याच्या आयुष्याचा खर्च पुढची पन्नास वर्षे चालतो. पुढच्या लिलावात बोली लागली नाही किंवा गुडघा गेला, तर ‘त्या वर्षी जास्त भरलेला कर परत द्या’ असे म्हणायची सोय नाही. व्यवसायातला तोटा पुढच्या वर्षांकडे ओढता येतो, मागच्या वर्षांकडे नेता येत नाही.

म्हणून अशी एकदम आलेली कमाई अनेक वर्षांत विभागून तिची सरासरी धरण्याची सोय हवी. यावर सहज येणारा आक्षेप असा, की कोट्यधीशांसाठी कळवळा कशाला? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांतच आहे. पंतचे २७ कोटी दहा वर्षांत वाटले, तरी वर्षाला २ कोटी ७० लाख होतात. नव्या प्रणालीत २ कोटींच्या वर सर्वांत मोठा अधिभार लागतोच, म्हणजे वरच्या रकमेवरचा दर आज आहे तोच, ३९ टक्के राहतो. सरासरीने त्याचा फायदा नाममात्र होईल. ३० लाखवाल्याचा कर मात्र शून्यावर येऊ शकतो. म्हणजे ही सोय जिथे गरज आहे तिथेच पोहोचते. दुसरा आक्षेप असा, की व्यावसायिक म्हणून त्याला प्रशिक्षक, फिजिओ, एजंट यांचा खर्च वजा करता येतो. खरे आहे. अमेरिकेतल्या संघांचे खेळाडू नोकर गणले जातात आणि २०१७ च्या करसुधारणेनंतर त्यांना एजंटचे कमिशनही वजा करता येत नाही. पण खर्च वजा करता येणे म्हणजे उत्पन्न टिकणे नव्हे. तिसरे असे सांगितले जाते, की रेल्वे, पोलीस किंवा सार्वजनिक उपक्रमात अनेकांना नोकरी असते. असते, पण मग तिच्या पगाराच्या वर हे ३० लाख चढतात आणि त्यांचा आणखी मोठा भाग ३० टक्क्यांच्या टप्प्यात जातो.

मागणी अनोखीही नाही. वर्षाहून अधिक काळ खपून केलेल्या पुस्तकाचे मानधन लेखकाला एकरकमी मिळाले, तर ते अनेक वर्षांत विभागण्याची तरतूद १९६१ च्या आयकर कायद्यात होती. नोकरदाराला थकबाकी एकदम मिळाली, तर ज्या वर्षांची ती असेल त्या वर्षांच्या हिशोबाने दिलासा मिळतो. ऑस्ट्रेलियात लेखक, संशोधक, कलावंत यांच्याबरोबर खेळाडूंनाही उत्पन्नाच्या सरासरीची सवलत आहे. आयर्लंडमध्ये खेळाडू निवृत्त झाला, की खेळातून मिळालेल्या कमाईच्या ४० टक्के इतकी वजावट कमाल दहा वर्षांसाठी मागून कर परत घेऊ शकतो, आणि जाहिरातींचे उत्पन्न त्यात धरत नाहीत. आपल्याकडेही ऑलिम्पिक, आशियाई, राष्ट्रकुल पदकविजेत्यांना सरकार देते ते बक्षीस करमुक्त आहे. विजयाचा असा मान राखणे योग्यच आहे. पण पदकापर्यंत न पोहोचलेल्या शेकडो जणांचे श्रमही खेळाचाच भाग आहेत. त्यांना करमाफी नको आहे. एका हंगामाची कमाई ज्या वर्षांत खर्च होणार आहे, त्या वर्षांत मोजली जावी, एवढेच हवे आहे. तसे झाले, तर लिलावात सर्वांत शेवटी वाचल्या गेलेल्या नावापुढे ‘३० लाख मिळाले’ असे लिहिताना ते वाक्य खरे ठरेल.