काउंटरवरचा साउंडबॉक्स ते विहिरीवरची मोटर: स्मार्ट उपकरणं चालतात कशी, आणि त्यात आपला धंदा कुठे?



"सर, स्मार्ट डिव्हाइसचा धंदा करायचाय, कुठल्या कंपनीची एजन्सी घेऊ?" हा प्रश्न ट्रेनिंगला येणारी तरुण मुलं हमखास विचारतात. माझं म्हणणं असं, की एजन्सीचं नंतर बघू. आधी ही वस्तू चालते कशी ते नीट समजून घ्या. ज्याला ते समजत नाही तो एकदा डबा विकतो आणि पुढे वर्षभर ग्राहकाच्या शिव्या खातो.

लांब कशाला जायचं? चहाच्या टपरीवरचा साउंडबॉक्स घ्या. "पंधरा रुपये प्राप्त झाले." आपल्याला वाटतं, तो डबा दुकानदाराच्या मोबाइलला जोडलेला असतो. तसं नाही. त्याच्या पोटात स्वतःचं सिम असतं. गिऱ्हाइकाने क्यूआर स्कॅन केला की पैसे यूपीआयमार्फत एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातात. व्यवहार पूर्ण झाल्याचा निरोप पेमेंट कंपनीच्या सर्व्हरला मिळतो. सर्व्हर तो निरोप मोबाइल नेटवर्कवरून डब्याला पाठवतो आणि डबा आकडा बोलून दाखवतो. टपरीवाल्याचा मोबाइल घरी राहिला तरी डबा बोलणारच.

पेटीएमने हा डबा २०१९ मध्ये आणला, मग बाकीच्या कंपन्याही उतरल्या. गर्दीच्या वेळी दुकानदाराला प्रत्येकाचा मोबाइल बघत बसायला वेळ नसतो, आणि खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारेही असतात. कानाने हिशोब कळायला लागला, हात भजी तळायला मोकळे राहिले. उपकरण साधंच, पण माणसाची रोजची अडचण बरोबर पकडली.

आता यातली साखळी बघा. कुठेतरी काहीतरी घडतं, त्याची नोंद होते. ती नोंद नेटवर्कवरून जाते. लांबच्या सर्व्हरवर काय करायचं ते ठरतं. मग शेवटी एखादं यंत्र बोलतं, दिवा लागतो नाहीतर मोटर सुरू होते. मोबाइलवरून चालणारा बल्ब घ्या, एसी घ्या, दारावरचा कॅमेरा घ्या, कमी-जास्त फरकाने गोष्ट हीच. १९९९ मध्ये केविन अॅश्टन या ब्रिटिश माणसाने याला 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' असं नाव दिलं. नाव भारी आहे, पण यातली एक कडी तुटली की उरतो तो प्लास्टिकचा डबा.

म्हणून दुकानदारांना दोन गोष्टी सांगून ठेवा. डबा बोलला नाही म्हणजे पैसे आले नाहीत असं नसतं. नेटवर्क गेलेलं असू शकतं, तेव्हा गिऱ्हाइकाशी भांडण्याआधी अॅपमध्ये बघा. दुसरं म्हणजे, तुमची रोजची विक्री किती, कुठल्या वेळेला गर्दी, हे सगळं त्या कंपनीला दिसतं. त्यावरूनच तर तुम्हाला कर्जाची ऑफर येते आणि हप्ता रोजच्या जमेतून कापला जातो. हे वाईटच आहे असं मी म्हणत नाही. ज्याला बँक दारात उभी करत नव्हती अशा माणसाला त्यातून भांडवल मिळतं. फक्त आपण डब्याचं भाडं देतो आणि शिवाय माहितीही देतो, हे लक्षात असू द्या.

आता माझ्या आवडीच्या उदाहरणाकडे येतो, कारण खरा स्कोप मला तिथे दिसतो. शेतीपंपाचा मोबाइल स्टार्टर.

गावाकडच्यांना वेगळं सांगायला नको. थ्री फेज लाइट पाळीपाळीने येते. रात्रीची पाळी असली की शेतकऱ्याने अंधारात मळ्यात जायचं, ओल्या पायाने स्टार्टरचं बटण दाबायचं. साप, विंचू, जुन्नर-शिरूरकडे बिबट्या. तिथे जावं तर लाइट गेलेली! यावर पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचं उपकरण तयार केलं. साध्या मोबाइलवरून पंप चालू-बंद करायचा, लाइट आहे का तेही घरबसल्या कळायचं. नोकियाच्या २००९ च्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. स्मार्टफोन गावात पोचायच्या आधीची ही गोष्ट आहे, बरं का! आता अशी उपकरणं बनवणारे बरेच आहेत.

यात साखळी आणखी सोपी. स्टार्टरशेजारी सिमवाली पेटी. तुम्ही कॉल केला किंवा अॅपवर बटण दाबलं की पेटीतला रिले तेच करतो, जे तुमचं बोट करत होतं. पण चांगली पेटी त्याहून जास्त काम करते. तिन्ही फेज आहेत का बघते, कारण एक फेज गेली असताना मोटर चालली तर ती जळते. मोटर किती करंट घेते तेही बघते. विहिरीचं पाणी खाली गेलं की पंपावरचा भार हलका होतो, करंट उतरतो, पेटी ते ओळखून मोटर बंद करते. शेतकऱ्याला मी विकायला गेलो तर "मोबाइलवरून चालू होतं" हे दुसऱ्या नंबरला सांगेन. पहिलं सांगेन, रिवाइंडिंगचा खर्च वाचेल.

पण गावात बसवताना एक गोष्ट कॅटलॉगमध्ये नसते. लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच तुम्ही पाहिले असतील. एकाच डीपीवर पंधरा-वीस मोटरी, सगळ्यांना ऑटो. लाइट येताक्षणी सगळ्या एकदम उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. डीपी जळते, आणि मग सगळेच हात चोळत बसतात. महावितरण ऑटोस्विच काढायला सांगतं ते याच कारणाने. प्रत्येकाची सोय झाली, पण सगळ्यांची मिळून गैरसोय. यावर उपाय आहे: बऱ्याच पेट्यांमध्ये किती वेळाने सुरू व्हायचं ते सेट करता येतं. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून कुणाची मोटर आधी, कुणाची पाच मिनिटांनी, कुणाची दहा मिनिटांनी हे लावून देणारा माणूस ऑनलाइन मिळत नाही. तो माणूस तुम्ही होऊ शकता.

आणि सिमचं काय? रिचार्ज संपला की पेटी मुकी. शेतकरी म्हणणार, "तुमचं मशीन खराब." बसवायच्या आधी विहिरीपाशी उभं राहून कुठल्या कंपनीची रेंज येते ते बघा. पेटी फक्त टू-जीवर चालणारी असेल तर जिओचं सिम तिथे चालणार नाही, जिओकडे टू-जी नाहीच. प्रत्येक ग्राहकाच्या रिचार्जची तारीख वहीत लिहून ठेवा, चार दिवस आधी फोन करा. कंटाळवाणं काम आहे, पण वर्षाचा सर्व्हिसचा करार याच कामावर मिळतो.

शहरातल्या मुलांनी घरातले स्मार्ट प्लग, कॅमेरे बसवायचं काम धरायला हरकत नाही. तिथली निम्मी तक्रार वायफायची असते. पुष्कळशी स्वस्त उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर ५ वर असला की जोडणीच होत नाही, आणि ग्राहक वस्तू परत करून मोकळा. हे माहीत असलेल्या पोराचं काम दहा मिनिटांत होतं.

कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. कंपनीतून आलेला पासवर्ड तसाच ठेवून निघायचं नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने नेमकं हेच हेरलं. कॅमेरे, राउटर यांचे कारखान्यातले पासवर्ड टाकून बघितले आणि प्रचंड संख्येने उपकरणं ताब्यात घेतली. त्यांच्या जोरावर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स काही तास विस्कळीत झाल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना बहुधा पत्ताही नसेल. पासवर्ड ग्राहकाच्या हातून टाकून घ्या, आणि आपल्या मोबाइलवर त्याच्या घराचं फुटेज ठेवू नका. घरात बायका-मुलं वावरत असतात. लोक विश्वासाने दार उघडतात.

तिसरी भानगड सर्व्हरची. 'रिव्हॉल्व्ह' नावाचा घरातली उपकरणं जोडणारा डबा अमेरिकेत ३०० डॉलरला विकला जायचा. २०१४ मध्ये नेस्टने ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. ठणठणीत डबा, पण दिवा लावता येईना. आपल्याकडे तर रोज एक नवा ब्रँड येतोय. म्हणून डीलरशिप घेण्याआधी कंपनीच्या माणसाला विचारा: इंटरनेट बंद असताना हे हाताने चालतं का? अॅप तुमचं की दुसऱ्याचं? सर्व्हरचे पैसे किती वर्षं तुम्ही भरणार, आणि नंतर कोण? पेटी जळली तर सुटा पार्ट मिळतो की पूर्ण पेटी बदलायची? उत्तरं व्हॉट्सअॅपवर लेखी मागवा.

सुरुवातीला मोठा माल भरू नका. एकाच प्रकारच्या पाच पेट्या घ्या, ओळखीच्या पाच मळ्यांवर बसवा आणि एक पावसाळा काढा. वीज कडाडते तेव्हा, ओलीत, उंदराने वायर कुरतडल्यावर काय होतं ते त्यात दिसेल. किमतीत वर्षभराच्या किमान तीन फेऱ्यांचं पेट्रोल आणि अर्ध्या दिवसाची मजुरी आधीच धरा, कारण "सर, मोटर चालू होत नाहीये" हा फोन रात्री साडेअकरालाच येतो.