कुलगुरूंची थट्टा करण्याचा परवाना

रँग्लर परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या ज्या गणिती ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले, तिचे नाव एका तिवईवरून पडले आहे. पदवीच्या वादसभेत त्या तिवईवर बसून एक जण उमेदवारांची आणि वडीलधाऱ्यांची थट्टा करी, आणि विद्यापीठाला ते मान्य असे. हे प्रथम वाचले तेव्हापासून या माणसांनी माझा पिच्छा सोडलेला नाही.

ऑक्सफर्डमध्ये त्याला टेरे फिलियस म्हणत. जुलैतल्या पदवीसमारंभात पंडितांचे वाद रंगात आले की हा उठे आणि कुलगुरूंपासून महाविद्यालयांच्या प्रमुखांपर्यंत कोणालाही सोडत नसे. १६६९ मध्ये नव्या शेल्डोनियन सभागृहात त्याने जे काही ऐकवले, त्याने रोजनिशीकार जॉन एव्हलिन इतका संतापला की थेट कुलगुरूंकडे गेला. १७१३ मध्ये तर टेरे फिलियसला बोलूच दिले नाही. त्याचे भाषण फक्त छापून निघाले. परवाना होता, पण तो देणाऱ्याच्या मर्जीवर. माझ्या मते या प्रथेतली खरी गोम हीच.

म्हणून मला व्यासपीठावरच्या टेरे फिलियसपेक्षा निकोलस ॲमहर्स्ट मोठा वाटतो. १७१९ मध्ये ऑक्सफर्डच्याच सेंट जॉन्स महाविद्यालयाने त्याला काढून टाकले. महाविद्यालयाने त्याच्या वर्तनावर बोट ठेवले; तो म्हणे, टोरी पक्षाच्या ऑक्सफर्डमध्ये मी विरोधी व्हिग पक्षाचा, हाच माझा गुन्हा. सूड म्हणून त्याने आपला कवितासंग्रह त्याच महाविद्यालयाच्या प्रमुखाला, डॉ. डेलॉनला, खवचट स्तुतीसह अर्पण केला. मग जानेवारी १७२१ पासून जुलैपर्यंत आठवड्यातून दोनदा ‘टेरे फिलियस’ याच नावाचे पत्र काढले. आता त्याला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती.

त्याचे लेखन कडवट आहे, पुष्कळदा अन्यायीही. पण परीक्षांविषयी तो लिहितो ते आजही झोंबते. वादसभेतले प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जात, आपल्याकडच्या झेरॉक्स नोट्ससारखी. १७२६ मध्ये या लेखांचे पुस्तक निघाले, त्याला चित्र हॉगार्थचे. त्याच वर्षी ॲमहर्स्ट ‘क्राफ्ट्समन’चा संपादक झाला आणि त्याने पंतप्रधान वॉलपोललाच अंगावर घेतले. १७४२ मध्ये वॉलपोल पडला. ज्यांच्यासाठी ॲमहर्स्ट लढला ते पुढारी वर चढले आणि त्याला विसरले. त्याच वर्षी तो गेला. अंत्यविधीचा खर्च त्याच्या मुद्रकाने केला.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडनच्या धर्तीवर उभे राहिले. झगे आले, दीक्षान्त भाषणे आली. हा थट्टेखोर मात्र आला नाही. ती जागा विद्यार्थ्यांनी गॅदरिंगमधल्या शेलापागोट्यांनी, म्हणजे फिशपाँडने, भरून काढली. आमच्या बिबवेवाडीतल्या अभियांत्रिकीच्या मुलांकडून त्यांचे किस्से ऐकतो तेव्हा हसू येते आणि वाईटही वाटते. चिठ्ठी निनावी असते आणि नेम बहुधा वर्गातल्याच एखाद्या मुलीच्या रंगावर किंवा मुलाच्या बोलीवर. फी, हजेरी, जर्नलवरच्या सह्या यांविषयी चिठ्ठ्यांच्या पेटीतून क्वचितच काही निघते. टेरे फिलियस निदान नेम वर धरी, आणि तोही सगळ्यांसमोर उभा राहून. मुलांना तो नमुना इंग्लंडातून आणायचीही गरज नाही. तमाशाच्या वगातला सोंगाड्या भर फडात, चेहरा न लपवता, राजाच्या तोंडावर त्याच्या कारभाराचे वाभाडे काढतो.