जहाज धक्क्याला लागल्यावर
फियॉर्डच्या वाटेवर : लेखांक चौथा

जहाज कोणतं आणि महिना कोणता, हे मागच्या आठवड्यात ठरवलं. आता किनाऱ्यावर उतरू.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सात दिवसांच्या फेरीत जहाज साधारण चार ठिकाणी थांबतं. बर्गन किंवा स्टावांगरसारखं एखादं शहर, आणि उरलेली फ्लॉम, ओल्डन, गैरांगर अशी फियॉर्डच्या टोकाला वसलेली गावं. प्रत्येक ठिकाणासाठी क्रूझ कंपनी सहलींची भलीमोठी यादी पुढे करते. वर्णनं सगळी सारखीच मोहक आणि दर चढे. घरातल्या चौघांनी प्रत्येक बंदरात एकेक सहल घेतली तर बेरीज छातीत धडकी भरवणारी होते. त्यामुळे यादी उघडण्याआधीच मनाशी एक कसोटी पक्की हवी.

माझी कसोटी अशी : जहाजावरून जे दिसणार नाही, त्यासाठीच उतरायचं. फियॉर्डचं पाणी, दोन्ही अंगांचे कडे, त्यांवरून कोसळणारे धबधबे हे सगळं डेकवर उभं राहून तासन् तास पाहता येतं, आणि त्याचे पैसे आपण तिकिटातच भरलेले असतात. दिसत नाही ती उंची. आपण कुठल्या फटीच्या तळाशी तरंगत होतो, हे वर चढल्याशिवाय कळत नाही. आणि दिसत नाही ते कड्याच्या बेचक्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांचं जगणं.

वेळेचं गणित समजून घ्यायला थोडा भूगोल लागतो. हिमयुगातल्या हिमनद्यांनी या दऱ्या कोरल्या आणि नंतर समुद्र आत शिरला. हिमनदीने कोरलेल्या दरीचे कडे सरळ उभे असतात आणि तळ फार खोल जातो. सोग्नेफियॉर्ड २०० किलोमीटरहून लांब आणि सर्वांत खोल जागी १,३०० मीटरपेक्षा खोल आहे. अशा फियॉर्डच्या काठाने सपाट जमीन जवळजवळ नसतेच. ती असते टोकाला, जिथे वरून येणाऱ्या नदीने गाळ आणून टाकला आहे. तिथेच गाव, तिथेच धक्का, आणि तिथूनच घाट चढून जाणारे एकदोन रस्ते. गैरांगरमध्ये वर्षभर राहणारी माणसं जेमतेम दोन-अडीचशे. ज्या दिवशी दोन मोठी जहाजं येतात, त्या दिवशी काही हजार माणसं त्याच रस्त्यांवर, त्याच बसथांब्यावर आणि त्याच स्वच्छतागृहापाशी उभी असतात. नकाशावर ठिकाण वीस किलोमीटरवर दिसलं म्हणून ते जवळ आहे असं इथे समजू नये.

त्यात गैरांगरला मोठी जहाजं बहुधा धक्क्याला लागत नाहीत, फियॉर्डमध्ये नांगर टाकतात. प्रवाशांना टेंडर बोटींतून काठावर नेतात आणि कंपनीच्या सहली घेतलेल्यांना आधी सोडतात. स्वतःच्या स्वतः फिरणाऱ्याचा नंबर लागेपर्यंत तास सहज निघून जातो. संध्याकाळी शेवटच्या बोटींसाठी पुन्हा रांग. जहाज सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी सगळे आत असावे लागतात. म्हणून पत्रकावर सकाळी आठ ते संध्याकाळी पाच असं छापलेलं असलं तरी सहा-साडेसहा तासच हातात आहेत असं धरून आखणी करावी. घड्याळही तपासावं. ब्रिटनहून निघालेल्या जहाजावर कधीकधी जहाजाची वेळ नॉर्वेच्या वेळेपेक्षा एक तास मागे ठेवलेली असते, आणि मोबाइल मात्र काठावरची वेळ दाखवतो. रोजच्या पत्रकावर छापलेली वेळच खरी. त्याच पत्रकावर बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवावा.

कंपनीची सहल घ्यायची की आपली आपण करायची, हा प्रश्न यातूनच सुटतो. कंपनीच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपल्या टॅक्सीला उशीर झाला तर थांबत नाही, पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चाने जावं लागतं. म्हणून जिथे एकच घाटरस्ता आहे, तो ओलांडून लांब जायचं आहे, तिथे कंपनीचे जादा पैसे देण्यात शहाणपण आहे. जे धक्क्यापासून पायी किंवा बसने अर्ध्या तासाच्या आत आहे, तिथे ते पैसे वाया जातात. बर्गनमध्ये तर मार्गदर्शक घेऊन बसमध्ये बसण्याचं काही कारणच नाही. ब्रुग्गेनची हान्सा व्यापाऱ्यांच्या काळातली लाकडी वखारींची रांग १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. ती पाण्याच्या काठालाच आहे. तिथून काही मिनिटांच्या चालीवर फ्लोयबानेन हा १९१८ पासून धावणारा दोरखंडाचा रेल्वेडबा मिळतो आणि समुद्रसपाटीपासून ३२० मीटर उंचावर सोडतो. तिकीट आधी ऑनलाइन काढावं, येताना जंगलातल्या वाटेने पायी उतरावं. पावसाचं जाकीट मात्र अंगावरच हवं, कारण बर्गनचा पाऊस उन्हाळ्यातही कधी येईल सांगता येत नाही.

आता फ्लॉम. इथला दिवस नीट आखला तर या सगळ्या फेरीतला सर्वांत भरीव दिवस ठरतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

फ्लॉमची रेल्वे २०.२ किलोमीटर लांब आहे. समुद्रसपाटीवरून निघून ती तासाभरात मिर्डाल स्टेशनला ८६६ मीटरवर पोचते. आपल्या बोरघाटातला सर्वांत कडक चढ ३७ फुटांमागे एक फूट आहे, आणि तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. फ्लॉमच्या मार्गावर तोच चढ १८ फुटांमागे एक फूट आहे, आणि तोही रुळांमध्ये दातेरी पट्टी न बसवता. वाटेत २० बोगदे आहेत. त्यांतले १८ बोगदे माणसांनी हाताने खणले, १९२० च्या दशकात सुरू झालेलं काम १९४० मध्ये गाडी धावण्याच्या स्थितीत आलं. क्योसफोसेन धबधब्यापाशी गाडी काही मिनिटं थांबते, सगळे फोटोसाठी उतरतात. पण त्या धबधब्याखाली वीजघर आहे आणि याच रेल्वेला वीज देण्यासाठी ते बांधलं, हे कळलं की तो धबधबा वेगळाच दिसू लागतो.

क्रूझ कंपन्या या गाडीच्या जागा घाऊक उचलतात. स्वतः काढायचं असेल तर जहाजाचं तिकीट पक्कं होताच रेल्वेचंही काढावं, सकाळची पहिली किंवा दुसरी गाडी घ्यावी. जाऊन-येऊन दोन तास, म्हणजे दुपार मोकळी राहते. ती दुपार नेरोयफियॉर्डला द्यावी असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

कारण असं की फ्लॉम आहे आऊरलान्सफियॉर्डच्या टोकाला. मोठं जहाज तिथवर येतं आणि त्याच वाटेने परत जातं. शेजारचा नेरोयफियॉर्ड त्याच्या वाटेत येत नाही. तो सर्वांत अरुंद जागी जेमतेम २५० मीटर रुंद आहे, आणि गैरांगरफियॉर्डसोबत २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. फ्लॉमहून गुदवांगेनला जाणाऱ्या बोटीने तो दोन तासांत पार होतो, परतीला बोगद्यातून बस वीसेक मिनिटांत फ्लॉमला आणते. २०१८ पासून या मार्गावर पूर्ण विजेवर चालणारी बोट आहे. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे कड्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज कानावर येतो. उंचीच हवी आणि वेळ कमी असेल, तर आऊरलाँड गावाच्या वर स्टेगास्टाइनचा सज्जा आहे. फियॉर्डपासून ६५० मीटरवर, कड्याबाहेर ३० मीटर काढलेला. बसने जाऊन-येऊन साधारण दीड तास. रेल्वे, बोट आणि सज्जा तिन्ही एका दिवसात कोंबणारे लोक असतात. त्यांच्या हाती फक्त तीन रांगा लागतात.

गैरांगरच्या बाबतीत एक निर्णय आधीच घ्यावा लागतो आणि बहुतेकांना तो घ्यायचा असतो हेच ठाऊक नसतं. बरीच जहाजं पहाटे हेलेसुल्टला थोडा वेळ थांबतात. तिथे दिवसभराच्या सहलीची मंडळी उतरतात, हॉर्निंडाल आणि स्ट्रिनच्या बाजूने डोंगर ओलांडून दुपारी वरून गैरांगरला येतात. सहल सुंदर आहे. पण जहाज त्या वेळात हेलेसुल्टहून गैरांगरपर्यंत जातं, म्हणजे ज्यासाठी एवढा प्रवास केला तो १५ किलोमीटरचा गैरांगरफियॉर्ड त्यांच्याविना पार होतो. संध्याकाळी जहाज परत निघेल तेव्हा तो दिसेलच, पण सकाळचा उजेड आणि पहिलं दर्शन गेलेलं असतं. मी सांगेन, सकाळी डेकवरच राहा. आत शिरताना डाव्या हाताला सात बहिणी हा धबधबा येतो, समोरच्या काठावर त्यांना मागणी घालणारा ‘फ्रियारेन’. बर्फ वितळायच्या दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, साती धारा भरून वाहतात. ऑगस्ट सरता सरता त्यांतल्या काही अगदी बारीक होतात. उलट डोंगरावरचे उंच रस्ते बर्फ हटल्यावरच उघडतात, मे महिन्यात ते बंद असू शकतात. भरलेला धबधबा आणि उघडा घाट दोन्ही हवे असतील तर जूनचा उत्तरार्ध बरा.

उतरल्यावर बसने दाल्सनिब्बाला जावं. अवघ्या २१ किलोमीटरमध्ये रस्ता समुद्रकाठावरून दीड हजार मीटरवर चढतो आणि आपलं जहाज खाली खेळण्याएवढं दिसतं. दुसऱ्या बाजूचा गरुडमार्ग अकरा वळणांचा. १९५५ मध्ये तो झाला, तोवर हिवाळ्यात हिमवर्षावाने वरचे रस्ते बंद झाले की गावाला बाहेर जायला पाण्याचीच वाट उरायची. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना मात्र मी स्कागेफ्लो सुचवेन. फियॉर्डपासून २५० मीटर उंचीच्या कडेवर हे शेत आहे. पर्यटकांची बोट तुम्हाला कड्याच्या पायथ्याशी सोडते, तासाभराची उभी चढण चढून वर जायचं आणि डोंगरातल्या वाटेने गैरांगरला परत यायचं. इथे माणसं राहत होती, शेळ्या पाळत होती. पुढे शेवटचं कुटुंबही उतरलं. १९९३ मध्ये राजे हाराल्ड आणि राणी सोन्या यांनी लग्नाचा रौप्यमहोत्सव साजरा करायला हीच जागा निवडली. चढण झेपणार नसेल तर गावातूनच धबधब्याच्या कडेने तीनशेहून अधिक पायऱ्यांची वाट फियॉर्ड केंद्राकडे जाते. ती फुकट आहे, आणि वर पोचल्यावर केंद्रात या शेतांची आणि इथल्या दरडींची सगळी हकिगत मांडलेली आहे. १९३४ मध्ये जवळच्या ताफ्योर्डमध्ये दरड पाण्यात कोसळून उठलेल्या लाटेने ४० माणसं घेतली. आजही ओकेरनेसचा डोंगर सरकतो आहे आणि त्याच्यावर अहोरात्र नजर ठेवली जाते. हे माहीत असताना तो फियॉर्ड पाहणं आणि नुसता देखावा म्हणून पाहणं यांत फार अंतर आहे.

दरडींचा आणखी एक व्यावहारिक परिणाम. प्रसिद्ध ट्रोलस्टिगेन घाट दरडींमुळे २०२४ मध्ये बंद ठेवावा लागला. तो घाट ज्या सहलीचा गाभा आहे, ती घेण्याआधी रस्ता उघडा आहे का, हे लेखी विचारून घ्यावं.

बाकीच्या बंदरांबद्दल थोडक्यात. ओल्डनहून ब्रिक्सदालची हिमनदी २४ किलोमीटरवर आहे, वयस्कर मंडळींसाठी ‘ट्रोलकार’ नावाच्या उघड्या गाड्या बऱ्याच वरपर्यंत जातात. १९९० च्या दशकात ही हिमनदी खालच्या तळ्यापर्यंत आली होती. २००० नंतर ती झपाट्याने मागे हटली, आणि जुन्या फोटोंवर विसंबून गेलेले लोक हिरमुसतात. उंचीच हवी असेल तर शेजारच्या लोएनमधली २०१७ ची स्कायलिफ्ट काही मिनिटांत १,०११ मीटरवर नेते. आई-वडील सोबत असतील तर हीच घ्यावी. स्टावांगरला प्रेकेस्तोलेनचा ६०४ मीटरचा कडा खुणावतो. जाऊन-येऊन आठ किलोमीटरची डोंगरवाट, चार-पाच तास. २०१९ च्या अखेरीस समुद्राखालचा बोगदा झाल्यापासून फेरीबोटीची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे धडधाकट माणसाला बंदराच्या एका दिवसात हे जमतं. पाऊस असेल तर खडक निसरडे होतात, तेव्हा हट्ट सोडून जुन्या स्टावांगरच्या पांढऱ्या लाकडी घरांतून हिंडावं. ऑलेसुंड १९०४ च्या आगीत जळालं आणि काही वर्षांत एकाच शैलीत पुन्हा उभं राहिलं. ४१८ पायऱ्या चढून आक्सलाच्या माथ्यावरून ते पाहावं. कंपनीची सहल इथेही नको.

जहाजांच्या धुराचा प्रश्न या गावांना अनेक वर्षं छळतो आहे. २०१८ मध्ये नॉर्वेच्या संसदेने ठराव केला की वारसा-फियॉर्डमध्ये उत्सर्जन शून्यावर आणायचं. १ जानेवारी २०२६ पासून तो नियम दहा हजार टनांखालच्या जहाजांना लागू होतो, मोठ्यांना २०३२ पर्यंत मुदत आहे. आपण त्या मोठ्या जहाजांतूनच जातो. तेव्हा दोन-अडीचशे वस्तीच्या गावात उतरल्यावर दुपारचं जेवण जहाजावर परत जाऊन करू नये. उन्द्रेदाल गावचं शेळीच्या दुधाचं तपकिरी चीज, गावातल्या बेकरीतला पाव, तिथल्याच होडीवाल्याची होडी, एवढं तरी घ्यावं. रोख क्रोन लागत नाहीत, कार्ड सगळीकडे चालतं.

शेवटी कागदपत्रं, कारण किनाऱ्यावरची सहल त्यांच्यावरच अडते. नॉर्वे युरोपीय संघात नाही पण शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतोच, मग किनाऱ्यावर चारच तास का उतरायचं असेना. साउथॅम्प्टनहून निघणारं जहाज असेल तर ब्रिटनचा व्हिसाही हवा, आणि तो परतल्यावर पुन्हा आत घेईल असा. काही जहाजांवर पासपोर्ट कार्यालयात ठेवून घेतात. तसं असेल तर उतरताना काय सोबत न्यायचं, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं आणि पासपोर्टची व व्हिसाची प्रत पाकिटात ठेवावी.

पुढच्या आठवड्यात : आर्क्टिक वृत्त ओलांडणाऱ्या फेऱ्या, लोफोटेन आणि मध्यरात्रीचा सूर्य.