टप्प्याटप्प्याने घडणारं ॲप

खंडाळा तालुक्यात लोणंदच्या बाजूला कांदा करणारा शेतकरी आज बांधावर उभा राहून मोबाइलवर गट क्रमांक निवडतो, पीक भरतो, फोटो काढतो. सातबाऱ्यावरच्या पिकांची ही ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. ॲप मात्र तिथेच थांबलं नाही. 2022 च्या खरिपात सुधारित आवृत्ती आली. चुकीचं पीक भरलं गेलं तर 48 तासांत दुरुस्त करायची सोय तिच्यात होती, आणि फोटो गटापासून लांब उभं राहून काढला तर ती तसा इशाराही देऊ लागली.

असं टप्प्याटप्प्याने सॉफ्टवेअर बांधण्याच्या रीतीत दोन कामं एकत्र चालतात. नवी सोय जोडणं हे एक. आधी दिलेली सोय वापरणाऱ्यांचं ऐकून पुन्हा घडवणं हे दुसरं. दुसऱ्याकडे फार दुर्लक्ष होतं, आणि खरी गुणवत्ता तिथेच ठरते. सगळं आधी कागदावर पक्कं करून एकदाच बांधण्यातला धोका सॉफ्टवेअर अभियंते विन्स्टन रॉइस यांनी 1970 मध्येच दाखवला होता: मोठ्या चुका अगदी शेवटी, चाचणीत कळतात. शेतात तर रेंज जाते, उन्हात स्क्रीन दिसत नाही, एकाच गटात दोन-तीन पिकं असतात. हे कार्यालयात बसून सुचत नाही.

गट क्रमांक, खाते क्रमांक यांची नोंद कशी ठेवायची हे मात्र पहिल्याच आवृत्तीत नीट ठरवावं लागतं. तो पाया नंतर हलवला तर जुन्या नोंदी विसकटतात. शिवाय प्रत्येक नवी आवृत्ती तलाठ्यांना आणि शेतकऱ्यांना पुन्हा शिकवावी लागते. तो वेळ आणि खर्च सुरुवातीलाच धरायला हवा.