बुडत्या बँकेचा सौदा

2008 च्या सप्टेंबरात, आर्थिक संकटाच्या धामधुमीत, गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेत 5 अब्ज डॉलर घातले आणि वर्षाला 10 टक्के लाभांश ठरवून घेतला. म्हणजे सेकंदाला 15 डॉलरहून जास्त, झोपेतसुद्धा! पुढच्याच महिन्यात अमेरिकी सरकारने त्याच बँकेत 10 अब्ज ओतले. रक्कम दुप्पट, लाभांश निम्मा. ठरल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क, म्हणजे वॉरंट, बफेंनी गुंतवणुकीइतक्याच रकमेचे मिळवले. सरकारने आपल्या रकमेच्या जेमतेम 15 टक्क्यांचे. घासाघीस कोणाला जमते ते दिसलंच.

अमेरिकी संसदेच्या देखरेख समितीने 2009 मध्ये हिशेब मांडला: बँका वाचवताना सरकारने मोजलेल्या दर 100 डॉलरमागे पदरात पडलेला माल साधारण 66 डॉलरचा.

गंमत म्हणजे, तरीही बँकांत घातलेले सुमारे 245 अब्ज डॉलर वसूल झाले, वर 30 अब्जांच्या आसपास सुटले. सरकारने पाठ थोपटून घेतली. पण एवढी जोखीम बफेंनी या दरात घेतली असती का?

स्विस सरकार जास्त पक्कं निघालं. यूबीएस या बँकेत 6 अब्ज फ्रँक, व्याज तब्बल 12.5 टक्के. वर्षाच्या आत विकून मोकळे, नफा 1.2 अब्ज!

ब्रिटनने आरबीएस या बँकेत 45.5 अब्ज पौंड घातले, सरासरी 502 पेन्स भावाने. 2015 मध्ये विक्री सुरू केली ती 330 पेन्सला. 2025 मध्ये शेवटचा शेअर विकला तेव्हा खड्डा 10 अब्ज पौंडांच्या वर. लॉइड्स या दुसऱ्या बँकेत मात्र थोडा फायदा झाला.

आपल्याकडे मुंबईची येस बँक 2020 मध्ये गडगडली, तेव्हा सरकारने तिजोरी न उघडता स्टेट बँकेला पुढे केलं. 10 रुपयांना घेतलेल्या शेअरपैकी बरेचसे स्टेट बँकेने 2025 मध्ये जपानच्या सुमितोमो मित्सुई बँकेला 21.50 रुपयांना विकले. सौदा झकास! फक्त, वाचवताना सुमारे 8,400 कोटींच्या एटी-वन रोख्यांची, म्हणजे बँक अडचणीत आली की तोटा सोसणाऱ्या रोख्यांची, किंमत शून्य केली गेली आणि त्यात निवृत्त मंडळींची पुंजीही होती. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये तो निर्णय रद्द ठरवला. मग वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.