शाहूवाडीत पोकर रुजेल का?

पत्त्यांचा पट : लेखांक सातवा

मागच्या लेखांकात रमीचा विषय संपवला. आता पोकर. गेल्या काही वर्षांत शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूर, बांबवडे, सरूड अशा गावांतल्या तरुणांच्या मोबाइलवर या खेळाच्या जाहिराती येऊन पोचल्या. रोपलावण उरकल्यावर देवळाच्या मंडपात बसणारा मेंढीकोटाचा अड्डा आणि गौरी-गणपतीच्या जागरणाला मुंबईकर आल्यावर रंगणारी तीन पत्ती यांच्या शेजारी हा तिसरा खेळ आला. तो इथे टिकेल का? चीनबद्दल हाच प्रश्न जगभरातल्या पोकरवाल्यांनी मोठ्या आशेने विचारला होता. तिथे काय घडलं तेही बघू. माझं मत आधीच सांगून टाकतो: बिनपैशाचा पोकर इथे रुजणार नाही आणि पैशाचा आपण रुजू देऊ नये.

आधी खेळ समजून घेऊ. पोकरचा सर्वांत जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं बंद मिळतात. मध्ये पाच पानं उघडी पडतात, आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. ही पाच सगळ्यांच्या मालकीची. आपली दोन आणि मधली पाच, अशा सातांतून उत्तम पाचांचा हात बांधायचा. प्रत्येक टप्प्यावर चाल लावायची, वाढवायची किंवा पॅक व्हायचं, म्हणजे पानं टाकून द्यायची. तीन पत्ती खेळणाऱ्याला यातलं निम्मं आधीच येत असतं. बूट, चाल, शो, थाप मारून समोरच्याला पॅक करायला लावणं, हे सगळं त्याच्या ओळखीचं. म्हणून तो पोकरच्या टेबलावर बिनधास्त बसतो आणि पहिल्याच तासात फसतो.

कुठे फसतो ते बघा. तीन पत्तीत सीक्वेन्स (ओळीची पानं) कलरला (एकाच रंगाची पानं) मारतो. पोकरमध्ये उलटं, कलर सीक्वेन्सला मारतो. हा कुणाच्या लहरीचा नियम नाही, मोजणीतून आलेला आहे. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांत साधे सीक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. जे दुर्मीळ ते वरचढ, म्हणून सीक्वेन्स मोठा. पाच पानांचे हात होतात २५,९८,९६०. त्यांत साधे सीक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. पानं दोन वाढली आणि पारडं फिरलं. ट्रेलचंही, म्हणजे तीन सारख्या पानांचंही, तसंच. तीन पत्तीत ट्रेल ४२५ हातांत एकदा येतो, त्यामुळे तो आला की माणूस घरदार लावायला तयार होतो. पाच पानांच्या हातात तीन सारखी पानं ४७ हातांत एकदा येतात, आणि त्यांना सीक्वेन्स, कलर, फुल हाउस असे कितीतरी हात खाऊन टाकतात. तीन पत्तीतलं धाडस पोकरमध्ये आणणाऱ्याचा खिसा इथेच रिकामा होतो.

आता खेळातलं खरं गणित. समजा, तुमच्याकडे बदामची दोन पानं आहेत, मध्ये उघडलेल्या चारांतही दोन बदाम आहेत. एक बदाम आला की कलर झाला. तुम्हाला न दिसलेली पानं ४६, त्यांत बदाम नऊ. म्हणजे साधारण पाचात एक संधी. मध्ये ३०० रुपये आहेत आणि समोरच्याने २०० लावले. तुम्ही २०० टाकले तर एकूण ७०० होतात, त्यांत तुमचे २००, म्हणजे सातात दोन हिस्से. संधी पाचात एक आणि किंमत सातात दोन, हा सौदा तोट्याचा. पॅक व्हायला पाहिजे. चांगला खेळाडू रात्रभर हाच हिशोब करत बसतो आणि बहुतेक हात टाकून देतो. पोकरमध्ये बुद्धी लागते हे निर्विवाद आहे, आणि ज्याला संभाव्यता शिकायची आहे त्याने हा खेळ कागदावर जरूर मांडून बघावा.

पण याच उदाहरणातून पैसे काढून टाका. ३०० नाहीत, २०० नाहीत, नुसत्या काड्या किंवा चिंचोके आहेत. मग पॅक कोण होणार? प्रत्येक जण शेवटचं पान बघायला थांबतो, थापेला कुणी घाबरत नाही, आणि खेळ कोसळतो. पोकरमध्ये चाल हीच बोलण्याची रीत आहे, आणि चालीला किंमत नसेल तर बोलण्याला अर्थ उरत नाही.

मेंढीकोटाचं तसं नाही. चार माणसं, दोन जोड्या, समोरासमोर भिडू. हुकूम बंद असो की कट, चार दश्श्या पकडायच्या. चारही दश्श्या एकाच जोडीने नेल्या की कोट लागला, आणि तो कोट दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर निघतो, पुढच्या गणपतीलाही निघतो. "तुझ्या एक्क्यानं घात केला गड्या," हे वाक्य वर्षभर पुरतं. इथे पणाला लागते ती इज्जत, पैसा नव्हे. गावात तीच सर्वांत महाग असते. शिवाय भिडूची साथ असते. पान टाकताना त्याच्या मनातलं ओळखायचं असतं. पोकरमध्ये प्रत्येक जण एकटा, आणि शेजारी बसलेला मित्र हाच शिकार. ज्या माणसाबरोबर उद्या उसाची तोड आणायची आहे, त्याच्याच खिशात आज हात घालायचा, हे लहान गावाला परवडत नाही.

चीनचा अनुभव याला पुष्टी देतो. मुख्य भूमीवर जुगाराला बंदी आहे, फक्त सरकारी लॉटऱ्या चालतात. मकाऊमध्ये मात्र कॅसिनो आहेत, आणि २००६मध्ये त्यांच्या कमाईने लास व्हेगास स्ट्रिपला मागे टाकलं. पण तिथे राज्य बॅकरॅटचं आहे. बॅकरॅटमध्ये खेळाडू घराविरुद्ध खेळतो आणि डाव झटपट निकाली निघतो. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात, कॅसिनोला फक्त प्रत्येक डावातला छोटा कट मिळतो. त्यामुळे टेबलाची जागा पोकरला द्यायला मालकच फारसे राजी नसतात. तरीही उमेद होती. २०१५मध्ये अवरगेम या चिनी कंपनीने वर्ल्ड पोकर टूर ही अमेरिकी स्पर्धामालिका साडेतीन कोटी डॉलरला विकत घेतली. पण त्याच वर्षी नानजिंगमधली पोकर स्पर्धा पोलिसांनी मध्येच बंद पाडली, आणि २०१८मध्ये बिनपैशाच्या म्हणवल्या जाणाऱ्या पोकर अ‍ॅपवरही सरकारने घाला घातला. चिपा अ‍ॅपमध्ये आणि पैशांचा हिशोब बाहेर, असा तो व्यवहार चालायचा.

या काळात खरोखर घराघरांत पसरला तो ग्वानदान. जिआंगसू प्रांतातल्या हुआइआनचा हा खेळ दोन कॅटांनी, चार जणांत, दोन जोड्या करून खेळतात. मेंढीकोट खेळणाऱ्याला ही मांडणी नवी वाटणार नाही. तिथेही माणसांनी भिडूचा खेळ निवडला, एकट्याचा नाही.

आपल्याकडे कायद्याचा रस्ता लांबचा आहे. १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देतो. १९६८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सांगितलं की रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ. तीन पत्तीला मात्र निव्वळ नशिबाचा खेळ ठरवलं. आजही पोलिसांच्या बातमीत ‘तीन पानी जुगार’ असतो तो याच विचाराने. पोकर मध्येच लोंबकळत राहिला. पश्चिम बंगालच्या १९५७च्या कायद्याने त्याला जुगारातून वगळलं, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७मध्ये तो जुगारच ठरवला. महाराष्ट्राने १९७६मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३मध्ये रद्द केला. ज्यांना रीतसर टेबलावर बसायचं ते गोव्यात मांडवीतल्या बोटींवर जातात.

मोबाइलने हे सगळे बांध फोडले होते. गावातल्या अड्ड्यावर निदान समोरचा माणूस दिसतो, हरलेल्याला "आता पुरे, ऊठ" म्हणणारं कुणीतरी असतं. मोबाइलवर समोर कोण आहे ते कळत नाही. तीन मित्र फोनवर एकमेकांना पानं सांगून चौथ्याला लुटू शकतात, समोरचा खेळाडू म्हणजे संगणकाचा प्रोग्रामही असू शकतो. रात्री दोन वाजता अंगणापलीकडे कुणाला पत्ता लागत नाही, आणि दुधाच्या बिलाचे पैसे गेलेले असतात. घरच्या बाईला ते कळतं ते सोसायटीचा हप्ता थकल्यावर.

म्हणून ऑगस्ट २०२५चा केंद्राचा ऑनलाइन गेमिंग कायदा मला योग्य वाटतो. संसदेने तो दोन दिवसांत मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की नशीब हा जुना वाद त्याने बाजूला ठेवला: पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ असेल तर तो बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. मोठ्या देशी कंपन्यांनी त्याच महिन्यात पैशांचे डाव थांबवले. दोन दिवसांत चर्चा पुरेशी झाली नाही, हा आक्षेप खरा आहे. पण तेवढ्यासाठी कायदा चूक ठरत नाही.

धोका अजून संपलेला नाही. परदेशातून चालणारी अ‍ॅप टेलिग्रामच्या लिंकवरून अजूनही फिरतात, आणि त्यांच्याकडे अडकलेले पैसे मागायला दारच नसतं. तुमच्या घरात कुणी यात सापडलं असेल तर एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. या नव्या कायद्यात शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, ऑनलाइन खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे घाबरून गप्प बसू नका. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा, आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

पुढच्या लेखांकात सावंतवाडीचा गंजिफा.